बायजाबाईचा शिकवेल

...नाई नाई, सिक्वेल म्हंजे काय थे तू मले नोको सांगू, पोरी. थो शब्द मले तू जन्माले याच्या आंधीपासून मालूम हाय. लिव.

सानगडीची बायजाबाई, मायी चुलत बहीन. नवऱ्यानं दुसरी आनली न इले माहेरी हाकललं. पर बाई कशी? धानाच्या रोवन्यात सगळ्यायपेक्षा मोठ्यानं गाने म्हने, हासे बी मोठ्यानं. लोकायले थेच खुपे. टाकलेल्या बाईनं खाली मान घालून राहावं म्हने!

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली. परसराम मास्तरनं नाटक लिवलं होतं, टाकलेल्या बाईचंच. चिंधू मिशी काढून, लुगडं नेसून बाई झाला होता. शेवटी बाई बोडीच्या पान्यात जीव देते, काठाच्या पारीवर लुगडं भेटते, पडदा. बाया रडून रायल्या. मांगून एक बुढी म्हनते, "पाय बायजे, अब्रूवाली असं करते."

बायजा उभीच झाली. "मास्तर, मी तं जित्ती हाओ! पुढचं लिव."

मास्तर हासला. "बाई, त्याले इंग्रजीत सिक्वेल म्हनतेत. मानसं तेच, गोष्ट पुढे जाते. बाईच मेली, मंग सिक्वेल कोनाचा?"

बायजाले आयकू आलं शिकवेल. "कोन शिकवेल? मीच शिकवेल! बुडताना कोनं पाह्यलं? लुगडंच तं भेटलं. आमी बोडीवर आंग धुतो तवा लुगडं पारीवरच ठेवतो, बाप्पा!"

पडद्यामांगून चिंधू वरडला, "मास्तर, मले पवता येते!"

सारी मंडई हासली. पुढच्या सालच्या नाटकाचं नाव शिकवेल. मास्तर सांगून सांगून थकला, शब्द असा नाई म्हनून. बायजा म्हने, "गोष्ट मायी, शब्द बी माया."

त्या नाटकात बाई नवऱ्याच्या दारात जाऊन हिस्सा मांगते. पडदा पडला न दुसऱ्या दिवशी बायजा खरंच सासरी गेली. दारात उभी राहून म्हनते, "पहिला भाग तू केला. दुसरा मी करतो. मायी बांधी दे."

नवरा लय वरडला. बायजा हालली नाई. गाव जमा झालं, तवा देल्ली त्यानं धानाच्या वावरातली एक बांधी. मरेपर्यंत तिनंच कसली.

झालं लिवून? आता हा कागद तुमसरले तुया चंद्रकला आत्याले नेऊन दे. नवऱ्यानं हाकलल्यापासून तोंड लपवून बसली हाय, जेवत बी नाई म्हनतेत. तिले वाचून दाखव, न म्हनावं, आजी इचारते, तुयं पुढचं कवा लिवतं?