पहिली दोन पानं

बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. घेवडा असो, वाटाणा असो, बी टेबलावर आली की जिवंत की मेलेली हे सांगणारी तीच. सव्वीस वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं.

तपासायची रीत साधी आणि निर्दय. बी रात्रभर भिजवायची. शेंगेपासून तुटल्याची खूण बीच्या कुशीत असते, तिच्या शेजारी सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पाणी आधी तिथून आत शिरतं. टरफल फुगलं की पात्यानं बी उभी चिरायची आणि बिनरंगी औषधात ठेवायची. जिथं जीव आहे तेवढा भाग लाल होतो. सगळी लाल झाली तर बी जिवंत. अर्थात चिरलेली बी पुन्हा कधी उगवत नाही. याचं तिला आजवर वाईट वाटलं नव्हतं, कारण पोत्यातल्या मूठभर चिरल्या तरी बाकीच्या पेरायला उरतातच.

आई गेल्यावर तिच्या बटणांच्या डब्यात घेवड्याच्या दोन बिया निघाल्या. जांभळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या. सहा वर्षांपूर्वी आई थोरल्या मुलीकडे राहायला गेली, तेव्हा जुन्या घराच्या खिडकीवरचा तिचा घेवड्याचा वेल वाळला. आता त्याचं एवढंच उरलं होतं.

"एक तुझी, एक माझी," ताई म्हणाली. "तूच लाव दोन्ही. माझं रोप मला आणून दे."

तिनं दोन्ही भिजवल्या. दुपारी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं, बिया रुजवायचं उबेचं कपाट गुणगुणत होतं. तिला जुनं स्वयंपाकघर दिसायला लागलं. पानांतून आलेलं हिरवं ऊन भिंतीवर हलतंय, आई खिडकीतून हात बाहेर काढून तांब्यानं पाणी घालतेय. इतक्या वर्षांनी त्या बियांत जीव असेल? एकदा खात्री करून घ्यावी, एवढंच तिच्या मनात आलं, आणि हातानं पातं उचललं. सवयीपुढे शहाणपण चालत नाही ते असं.

संध्याकाळी चिरलेली बी लालभडक झाली होती. "जिवंत!" ती मोठ्यानं म्हणाली. आणि मग तिला टेबलावरचं पातं दिसलं.

उरलेली तिनं घरी कुंडीत लावली. फोनवर कळल्यावर दुसऱ्या दिवशी ताई प्रयोगशाळेत आली.

"मारलीस ना?"

"हो."

"कुणाची? तुझी की माझी?"

ती चिरलेली बी काचपट्टीवर ठेवायला लागली.

"आईलासुद्धा चिरून बघितलं असतंस तू!" ताई म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिचेच डोळे भरले. धाकटीला समजूत घालता येत नाही, कधीच आली नाही. तिनं सूक्ष्मदर्शक पुढे सरकवला. "बघ तरी."

ताईनं नाक ओढलं आणि डोळा लावला. "हे दोन जाडजूड?"

"डाळी. रोपाची शिदोरी. पानांना ऊन लागेपर्यंत त्यावरच जगायचं त्यानं."

"हे टोक?"

"मूळ. सगळ्यात आधी तेच बाहेर पडतं."

"आणि ही बारीक घडी?"

"पानं. पहिली दोन."

"आत्ताच? शिरांसकट?"

"शेंगेतच तयार होतात, बी वेलावर असतानाच. नंतर नुसती उलगडतात."

ताईनं डोळा बाजूला घेतला. "म्हणजे आई पाणी घालत होती, तेव्हाची?"

धाकटीनं इतके अहवाल लिहिले, पण हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. "हो," ती हळूच म्हणाली. "तेव्हाचीच."

त्यानंतर ताई रोज कुंडीपाशी येऊन बसायची. माती उकरून बघायची नाही, असं तिनं धाकटीला बजावलं होतं. नवव्या दिवशी वाकलेली मान मातीतून वर आली. दोन दिवसांनी पानं उघडली, घडीच्या रेषांसकट. त्यांच्या मधोमध पुढच्या पानाचा ठिपका होता.

माझं रोप कुठंय, हे ताईनं विचारलं नाही. "ही दोन आईची," ती म्हणाली.

"आणि पुढची?"

"पुढची आपल्याला वाढवायची आहेत, छोटे. पाणी आण."

डॉक्टरीणबाईनं तांब्या भरून आणला आणि आधी ताईच्या हातात दिला.