वहिनीची संस्था

माझी वहिनी या परक्या देशातल्या मोठ्या दवाखान्यात फरशी पुसते. पण अकरा वर्षं ती आणखी एक काम करत होती, ज्याचा पगार तिला कुणी दिला नाही. आपल्याकडची एखादी बाई खाटेवर रडत असली आणि डॉक्टर इकडच्या भाषेत तिला काहीबाही विचारत असला, की वहिनी पोछा भिंतीला टेकवायची, हात पुसायची आणि दोघांच्या मध्ये उभी राहायची. बाईचं डॉक्टरला सांगायची, डॉक्टरचं बाईला.

एकदा तिच्या सुट्टीच्या दिवशी एक बाळंतीण गेली. कळ कुठून कुठे जाते, एवढंच तिला सांगता आलं नव्हतं. वहिनी दोन दिवस जेवली नाही. मी तिचा धाकटा दीर. टॅक्सी चालवतो, आणि टॅक्सीवाल्याला जगातलं सगळंच कळतं. मी म्हटलं, वहिनी, संस्था काढू. निधी मिळवू, चार दुभाषी बायका पगारावर ठेवू, म्हणजे तुमच्या सुट्टीला कुणी मरणार नाही.

नोंदणीलाच आठ महिने गेले. अध्यक्ष वहिनी, कार्यवाह मी, खजिनदार दादा. दादाची कंबर कामातून गेल्यापासून घर वहिनीच्याच पगारावर चालतं, आणि सांभाळायला खजिना नसल्यामुळे सभेत तो निवांत घोरायचा. निधीचा अर्ज बत्तीस पानी होता. त्याला वजन यावं म्हणून मी दवाखान्याच्या व्यवस्थापकांकडे शिफारसपत्र मागितलं. वहिनीची अकरा वर्षांची सेवा सुवाच्य अक्षरात लिहून पाठवली. माझं अक्षर चांगलं आहे, काय करणार.

निधीच्या कचेरीतली बाई भली होती. तिने आधी पाणी विचारलं, मग आजवर किती जणींना मदत केली ते विचारलं. नावं, तारखा, आजार. वहिनी म्हणाली, काहीच लिहून ठेवलेलं नाही. खाटेवरच्या बायकांनी तिला जे सांगितलं ते नवऱ्यालाही सांगितलेलं नसायचं. हे माझ्या पोटात राहील, असा शब्द ती प्रत्येकीला द्यायची. बाहेर आल्यावर मी म्हणालो, आठवतील तेवढी नावं टाकू, कोण बघायला जातंय?

"भाऊजी, त्यांचं दुखणं विकून संस्था चालवायची का?"

मी चिडलो, दोन दिवस बोललो नाही. अर्ज नामंजूर झाला. कारण दिलं होतं, कामाचा पुरावा नाही. मदत केलेल्या बायकांच्या नोंदींसाठी मी आणलेली वही कोरीच राहिली.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी देवाचे आभार मानले असते. पण माझ्या पत्राचं उत्तर यायचं होतं. व्यवस्थापकांनी वहिनीला बोलावून सांगितलं की तुम्ही आता नोंदणीकृत संस्था आहात. संस्थेला इथे परवाना लागतो, त्यासाठी प्रशिक्षण आणि विमा लागतो. तो मिळेपर्यंत कुठल्याही रुग्णासाठी एक शब्द बोललात, तर नोकरी जाईल. अकरा वर्षं त्यांनी काणाडोळा केला होता. मी पत्र लिहून त्यांचे डोळे उघडले. विम्याचा आकडा ऐकून दादासुद्धा जागा झाला. तेल गेलं, तूप गेलं, आणि ते मी घालवलं.

गेल्या मंगळवारी तिला घरी न्यायला मी वॉर्डाच्या दाराशी उभा होतो. तिसऱ्या खाटेवर आपल्याकडची एक मुलगी होती, विशीतली. डॉक्टर इकडच्या भाषेत काही सांगत, कागद पुढे धरून सहीची जागा दाखवत होता. वहिनी आपल्याकडचीच, हे मुलीने चेहऱ्यावरून ओळखलं.

"ताई, हा घरी सोडायचा कागद आहे ना?"

पोछा थांबला. समोरच्या काचेच्या खोलीत व्यवस्थापक बसले होते. वहिनीने तिकडे बघितलं, मग खाली फरशीकडे.

"मला नाही हो कळत त्यांचं," ती म्हणाली. आपल्याच भाषेत.

मुलीने हसून सही केली.

गाडीत वहिनी मागच्या सीटवर बसली. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "गर्भपिशवी काढायचा कागद होता."

मला मागे वळून बघवेना.

"तुमच्या त्या वहीत हिची नोंद करा," ती म्हणाली. "तारीख घाला. खाली माझं नाव लिहा."