एक मेचा शिरा

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत एक मेला झेंडा, सत्यनारायण आणि त्याआधी बॅनरवरून भांडण, हे ठरलेलं. बाबा कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांना त्यावर ‘कामगार दिन’ असंच हवं. सेक्रेटरी म्हणणार, ‘महाराष्ट्र दिन’. दोघं इतके तावातावाने बोलतात, की मला संशय येतो, यांना ना कामगार आठवतो ना महाराष्ट्र, फक्त माईक हवा असतो! माझ्या मुलीला विचाराल तर ती सांगेल, आज शिऱ्याची सुट्टी. तो शिरा आई करते, अख्ख्या बिल्डिंगचा, कमरेला पट्टा बांधून. ते बॅनरवर कुठून येणार?

यंदा मात्र माझा संशय आईवरच गेला. एप्रिल संपत आला तशी ती गप्प गप्प. फोन वाजला की बाल्कनीत जाऊन बोलायची. मी दोन विंग सोडून राहते, रोज डोकावते. एकदा पलंगाखाली भरलेली पिशवी दिसली. आत टॉवेल, बदलायची साडी, गोळ्यांची पट्टी. ही कुणाला न सांगता दवाखान्यात भरती होतेय! बाबांना विचारलं तर म्हणाले, “काहीतरीच काय तुझं.” म्हटलं, हेही सामील दिसतायत.

एक मेला सकाळी शिऱ्याच्या मदतीला गेले, तर गॅस बंद, ओटा लख्ख. आई पिशवी घेऊन जिना उतरत होती. मी मागोमाग धावले. गेटपाशी बिल्डिंगमधल्या बायका रिक्षाची वाट बघत उभ्या, सगळ्यांच्या हातात पिशव्या.

बाबा बॅनर सोडून आले. “अगं, निघालात कुठे?”

“गोराईला, समुद्रावर. पाण्यात पाय सोडून बसणार. कामगार दिन आहे ना आज?”

“आणि शिरा?”

“रवा डब्यात आहे. तूप वरच्या फळीवर.”

मी आईच्या रिक्षात घुसले. माझा अजून विश्वास बसत नव्हता.

गोराईची खाडी ओलांडताना बोटीत तिच्या कानाशी लागले. “खरं सांग, तब्येत ठीक आहे ना? ती पिशवी बघून मला वाटलं, तू ॲडमिट होतेयस.”

आई खो खो हसली. मग हसू ओसरलं.

“पिशवी भरली म्हणजे दवाखानाच, होय गं? आई मजा करायला निघाली असेल, असं नाही आलं मनात?”

नव्हतं आलं. बाबांचं सोडा, मी तर तिची लेक.