वाफसा येण्याआधी

काळ्या मातीला घाई चालत नाही. पाऊस पडून गेला की दोन-तीन दिवस तिच्यात पाय घालायचा नाही, खुरपं लावायचं नाही, तिला वाफसा येऊ द्यायचा, जास्तीची ओल उतरू द्यायची. जळकोटजवळच्या आमच्या गावी बाबा दुसऱ्याचं रान बटईनं करत. त्यांची परीक्षा सोपी होती. मूठभर माती दाबून लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडायचा. फुटला तर खुरपं उचला, चपटा होऊन बसला तर घरी जा. ओल्यात काम केलं की ढेकळं होतात, आणि काळ्या मातीचं ढेकूळ एकदा वाळलं की घणानंही लवकर फुटत नाही.

घरात भांडण झालं की बाबा संध्याकाळच्या प्रार्थनेलाही घाई करत नसत. ओट्यावर बसून राहत. आई आतून ओरडायची, "या की, देव वाट बघून राहिलाय." बाबा म्हणायचे, "बघू दे. वल्ल्या रानात पाय घालू न्हाई अन् वल्ल्या मनानं तोंड उघडू न्हाई."

हे मी आमच्या चर्चच्या महिला मंडळात कितीदा तरी सांगितलंय. वाफसा आणि जीभ या विषयावर मी इतकं छान बोलते की पाळकसाहेबांनी एकदा मला तेच रविवारच्या उपासनेत सांगायला लावलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

मी अहमदपूरच्या दवाखान्यात परिचारिका होते. तीस वर्षं लोकांची दुखणी पाहिली आणि पोटात ठेवली. कुणाच्या सुनेला काय झालं, कुणाचा मुलगा काय पिऊन आला, यातला एक शब्दही माझ्या तोंडून बाहेर गेला नाही, आणि याचा मला गर्व होता. यजमान गेले, प्रभूत निजले, त्यानंतर घरामागच्या जागेत बाग केली. वालाचा मांडव, चार वाफे टमाटे, मिरच्या, आणि कुंपणाला लागून लेकीनं लावलेला मोगरा. दोन घरं सोडून माझी मैत्रीण राहते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून मला अक्का म्हणते. अठरा वर्षं आम्ही दर मंगळवारी सकाळी बागेत आधी तण काढायचो आणि मग तिथंच पायरीवर बसून प्रार्थना करायचो. माझी रोपं तिच्या अंगणात, तिची माझ्या. अशी बाई देवानं दिली म्हणून मी त्याचे आभार मानत असे. आता ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझी लेक लातूरहून, सासरहून आली. लोकांना सांगितलं, परीक्षेच्या अभ्यासाला आलीय. आठ दिवस ती गप्प होती. नवव्या दिवशी भाजी निवडता निवडता तिनं बाही वर केली आणि दंड दाखवला. जावई दोन वर्षांपासून हात उचलत होता. असले डाग मी दवाखान्यात शेकड्यानं पाहिलेत, पण त्या दिवशी माझ्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. ती म्हणाली, "आई, पुढं काय करायचं ते मी ठरवीन. तोवर कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नको." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. रात्रभर बदाबदा कोसळला आणि सकाळी वालाचा मांडव आडवा. मंगळवार होता. मैत्रीण आली तेव्हा मी चिखलात उभी राहून बांबू उचलत होते. मला वाफसा कळत नव्हता का? कळत होता. पण डोळ्यांसमोर मांडव पडलेला बघवेना. तीही वाफ्यात उतरली. एक टोक तिनं धरलं, एक मी, आणि सुतळी बांधता बांधता मला रडू फुटलं. ती म्हणाली, "अक्का, काय झालं? सांग की. दोघी मिळून देवापाशी मागू." मी सगळं सांगितलं. दंडावरचे डाग, दोन वर्षं, सगळं. शेवटी म्हणाले, "फक्त प्रार्थनेसाठी सांगतेय बरं का." ती म्हणाली, "हाव गं, म्या काय बाहेरची हाय का?"

मला हलकं वाटलं. खोटं कशाला सांगू, लई हलकं वाटलं.

गुरुवारची घरसभा त्या आठवड्यात माझ्याच घरी होती. पंधरा-सोळा जण. आमच्यात रिवाज असा की गाणी आणि वचन झालं की शेवटी विनंत्या घेतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाची नोकरी, जे असेल ते सांगायचं. मग डोळे मिटून एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची आणि बाकीच्यांनी शेवटी आमेन म्हणायचं. लेक स्वयंपाकघराच्या दारात बसली होती, चहाचं आधण ठेवून.

मैत्रिणीची पाळी आली. ती फार गोड प्रार्थना करते, गळा भरून येतो तिचा. "हे प्रभू, या घरातल्या आमच्या लेकीसाठी विनवणी करतो. तिचा धनी रागीट हाय, तो हात उचलतो, पण त्याचं मन तू बदल. अन् लेकीचंही मन कठीण होऊ देऊ नको. तिला नमतं घ्यायला शिकव. मोडलेलं घर पुन्हा जोड."

मी डोळे उघडले नाहीत. उघडायला हवे होते. उठून उभं राहायला हवं होतं. पण प्रार्थना चालू असताना मधे बोलायचं नाही हे लहानपणापासून हाडात मुरलेलं. ती थांबली आणि सगळ्यांबरोबर माझ्याही तोंडून निघालं, "आमेन."

डोळे उघडले तेव्हा दारात कोणी नव्हतं. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती.

चौथ्या दिवशी व्याही हजर. घरसभेतल्या एका बाईची नणंद लातूरला त्यांच्याच गल्लीत राहते. सोबत पाळकसाहेब आणि दोन पंच मंडळी. चार पुरुष समोरच्या खोलीत बसून माझ्या लेकीला क्षमेचा अर्थ समजावत होते. व्याही म्हणाले, "घरातलं घरात मिटवायचं सोडून तुम्ही सभेत नेलं, बाई." सहाव्या दिवशी लेकीनं बॅग भरली. नांदेडला एका वसतिगृहात तिला अधीक्षकेचं काम मिळालं होतं. कधी अर्ज केला, कुणाच्या ओळखीनं, मला काही माहीत नाही.

बसस्टँडवर मी मैत्रिणीच्या नावानं शिव्या घालत होते. विश्वासघातकी, गळेकापू, जे सुचेल ते. लेकीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तिला मी कुठं सांगितलं होतं? मी तुला सांगितलं होतं." आणि एसटीच्या पायरीवर पाय ठेवून म्हणाली, "आणि आमेन तू पण म्हणालीस."

मी मैत्रिणीकडे जाऊन भांडले. ती रडली. "अक्का, म्या काय चहाडी केली का? देवापाशीच बोलले की." तिला खरंच तसं वाटत होतं, आणि म्हणूनच माझा संताप जाईना. चहाडी केली असती तर तिला कधीतरी लाज वाटली असती. देवाशी बोलायचं तर दार लावून बोलायचं, एवढं आम्हाला रविवारच्या शाळेत शिकवलेलं आहे. दार तिनं उघडलं, हे खरं. पण कडी मीच काढून दिली होती.

घरी येऊन वाफ्यात गेले. मधल्या दिवसांत ऊन पडलं होतं. चिखलात उमटलेले आम्हा दोघींच्या पायांचे ठसे दगडासारखे वाळले होते, समोरासमोर. महिनाभर त्या वाफ्यात काही लावता आलं नाही. ढेकळं फोडून फोडून माझ्या तळहाताला फोड आले. फोडताना प्रार्थना करायचे, पण ओठ मिटून. सुरुवातीला देवालाही काही सांगावंसं वाटत नव्हतं, त्याच्यावरही भरवसा उरला नव्हता. मी नुसती त्याच्यासमोर बसून राहायचे, बाबा ओट्यावर बसायचे तशी.

लेक दर रविवारी फोन करते. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ऊन फार आहे. पाच मिनिटांत संपतं. मी काही विचारत नाही. विचारायचा हक्क मी घालवलाय.

यंदा चैत्रात पुन्हा अवकाळी आला. मी तीन दिवस थांबले. चौथ्या दिवशी लाडू वळून सोडला, फुटला, मग खुरपं घेतलं. तेवढ्यात फोन वाजला, रविवार नसताना. लेक म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं." मातीनं भरलेल्या हातानं मी फोन कानाशी दाबून धरला. मग म्हणाली, "जाऊ दे. मोगऱ्याला कळ्या आल्या का?"

"आल्यात."

"पाणी घाल त्याला." आणि फोन ठेवला.

कुंपणापलीकडं मैत्रीण उभी होती. आता आम्ही जेवढ्यास तेवढं बोलतो. "पोरीचा फोन व्हता का, अक्का? काय म्हणली?"

"मोगऱ्याला पाणी घाल म्हणली."

"अन्?"

"तेवढंच."

ती मान हलवत निघून गेली. तिला वाटलं, मी काहीतरी लपवतेय. लपवण्यासारखं लेकीनं मला काही सांगितलं असतं, तर मी तिथंच वाफ्यात गुडघे टेकून देवाचे आभार मानले असते.