माझ्या योद्ध्याच्या पिशवीत मासे कोणी भरले?

मंडळी, आमच्या घरात कोणीतरी माझा गेम चोरून खेळतंय.

गेले तीन आठवडे मी पुलावरच्या एका ड्रॅगनकडून मार खातेय. गेम सगळ्यात कठीण पातळीवर लावलाय, दोन फटक्यांत माझा योद्धा आडवा होतो. आज सुट्टी म्हणून सकाळीच चालू केला, तर ड्रॅगन मेलेला आणि योद्धा पुलापलीकडे आरामात उभा.

पहिला संशय नवऱ्यावर. तो म्हणाला, "मला उडी कुठल्या बटणाने मारतात तेही माहीत नाही." ते खरंच आहे.

मग योद्ध्याची पिशवी उघडली. माझ्या जादूच्या तलवारी, जड चिलखत, सगळं फेकून दिलेलं. त्या जागी नदीतले बेचाळीस मासे. मासा खाल्ला की थोडी ताकद परत येते, तेवढ्यावर कोणीतरी ड्रॅगन लोळवला होता.

माशासाठी तलवार टाकणारं माणूस आमच्याकडे एकच. सासूबाई. पाचूबंदरच्या, अर्धं आयुष्य मासळीच्या लिलावात गेलेलं.

त्या स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होत्या. मी सहज विचारलं, "आई, ड्रॅगन कसा मरतो हो?"

"मना काय ठाव," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पानी प्यायला वाकला का मारायचा."

आता आठवतंय, रोज सकाळी त्याच मला घाई करतात. "नीघ गो, उशीर होईल." मला वाटायचं, केवढी काळजी. आज सुट्टी आहे म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला होता.

तुम्हाला ऑफिसला पिटाळायची घाई घरात कोणाला असते? जरा बघा.