महागूचं पिणं

साठ-बासष्टच्या सुमाराला लांजीकडच्या एका खेड्यात महागू नावाचा शेतकरी होता. आपल्यासारखा बेवडा पंचक्रोशीत नाही, असं तो स्वतःच सांगत फिरे. प्रत्यक्षात त्यानं दारूचा थेंबही घशाखाली उतरवला नव्हता.

झालं असं, की एका वर्षी धान घरात आल्यावर महागूची झोप उडाली. छाती धडधडे, उगाच रडू येई. आता गावाची रीत अशी, की दारुड्याला लोक हसतात आणि सोयरीकही करतात; पण ‘डोक्यानं गेला’ असा बोभाटा झाला, की त्या घराचा उंबरा कोणी चढत नाही. महागूची लेक दुर्गा लग्नाची होती. म्हणून हा बहाद्दर बाजाराच्या दिवशी मोहाच्या दारूनं चूळ भरून झोकांड्या खात फिरू लागला.

बालाघाटला मनाच्या आजारांचे एक डॉक्टर दर सोमवारी येत. झोप काही येईना, तेव्हा गावाला चुकवून महागू बायकोसह त्यांच्याकडं गेला; पण तिथंही सोंग सोडेना. त्यांनी विचारलं, "किती पिता?"

"चार-पाच पेले तं तोंड धुतल्याबरोबर लागते, साहेब."

"हौ, लय पेते," बायको अनुसया पदराआडून म्हणाली. तिला हसू येत होतं की रडू, देव जाणे.

डॉक्टर म्हणाले, पिणाऱ्याला झोपेची गोळी दिली तर जिवावर बेतेल. आधी दारू सोडा. घ्या! न धरलेली दारू सोडायची कशी? आणि सोडली, तर रडण्याला कारण काय सांगायचं? महागू तसाच परतला आणि कुढत राहिला. मला त्याचा रागही येतो आणि कीवही येते.

पुढं दुर्गाचं जुळलं. पानसुपारीला व्याही चैतराम आले. तेही नावाजलेले पिणारे. दोघांना अंगणात बसवून पेले भरले. महागूनं डोळे मिटून पेला घशात ओतला आणि खोकून खोकून लालबुंद झाला.

"इवाई," चैतराम हळूच म्हणाले, "धरतीले थेंब काहून नाई देल्ला? पेणारा मानूस पयले थेंब देते."

महागूला वाटलं, मोडलं लग्न! त्याला रडू फुटलं.

"मी पेतच नाई. मले झोप येत नाई, छाती धडधडते. पन पोरीले बोल नोका लावू."

चैतरामांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आपला अख्खा पेला धरतीला देऊन टाकला.

"मी बी असाच पेतो," ते म्हणाले. "सोमवारी संगच जाऊ बालाघाटले. पन डाक्टरले खरं पयले तुमी सांगजा, इवाई."