लेझरच्या चित्रातला थोरला जावई

माझी सासुरवाडी कुरुंद्याजवळ. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी टेकाडावरच्या शेतात चढवायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा चढ मोजायचं काम माझ्याकडे आलं. घरातली अशी कामं माझ्याकडेच येतात. पातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन मी टप्प्याटप्प्यानं टेकाड चढलो आणि खात्रीसाठी वरून खाली पुन्हा मोजलं. विहिरीच्या कठड्यापासून टाकीच्या जागेपर्यंत पंधरा मीटर नव्वद सेंटिमीटर. मोटर केवढी घ्यायची ते यावरून ठरणार होतं.

"बरं, बघू," मामा म्हणाले.

ते धाकट्या जावयाची वाट बघत होते.

हा माझा साडू लांब पल्ल्याच्या लेझर स्कॅनरवर काम करतो. तिपाईवरचं यंत्र गोल फिरत किरण सोडतं. किरण जिथे आदळून परत येतो, तिथला एक ठिपका मांडतं. किलोमीटरभर लांबचासुद्धा. अशा कोट्यवधी ठिपक्यांतून जमिनीचं त्रिमिती चित्र उभं राहतं. तो सांगेल तेव्हा अडाण्यासारखं ऐकत बसावं लागू नये, म्हणून हे मी आधीच वाचून ठेवलं होतं.

मार्चमध्ये कालव्याच्या कामावर जाता जाता तो उतरला. सासूबाईंनी यंत्राच्या पेटीला हळदीकुंकू वाहिलं. माझ्या नळीला कुणी बोट लावलं नव्हतं.

"म्हंजे जागेवरून हलायचं कामच न्हाई?" मामांनी विचारलं.

"नाही मामा, इथूनच दिसतं सगळं."

"आन् आमचे थोरले टेकाडावर रांगून राहिले होते!"

सगळे हसले. मीही हसलो.

यंत्र फिरू लागलं. तो भलतीच जागा धरेल या काळजीनं मी टाकीच्या जागेवरची चुना लावलेली खुंटी दाखवायला वर गेलो. खालून तो ओरडत होता, "दादा, तिकडं नका जाऊ!" मी तरी खुंटीभोवती फिरत राहिलो.

लॅपटॉपवर चित्र उघडलं. शेत, बांध, बाभळी, सगळं जागच्या जागी. मधोमध मात्र एक पांढुरकी भिंत.

"ही भिंत कोणं बांधली?" मामा म्हणाले.

शेजारच्या शेतात हळद शिजत होती. हळद शिजवायच्या भल्यामोठ्या कुकरची वाफ यंत्रानं पकडली होती. मला फार बरं वाटलं.

"म्हणजे यंत्राला वाफ आणि भिंत यातला फरक कळत नाही," मी म्हणालो.

"नाही कळत, दादा. ते आपण काढायचं." त्यानं भिंतीभोवती रेघ ओढली, बटण दाबलं. भिंत गेली.

मग त्यानं टेकाड मोठं करून दाखवलं. खुंटीजवळ तीन अर्धवट माणसं उभी होती, तिघांचेही हात पाठीमागे.

"अगं बाई, हे तर आमचेच!" माझी बायको हसत सुटली.

"दादा चालत होते ना, म्हणून तीन झाले. नको असलेले ठिपके." त्यानं पुन्हा रेघ ओढली. मी तिन्ही ठिकाणांहून गेलो. खुंटी राहिली.

उत्तर आलं: पंधरा मीटर चौऱ्याऐंशी. फरक सहा सेंटिमीटर. खरं सांगायचं तर त्याचं मीटरभर चुकावं असं मला वाटत होतं.

"आता बराबर झालं," मामा म्हणाले.

"मामा, माझा आकडाही तोच होता."

"व्हय, तुमचा बी जवळच आला की."

जवळ आला! आधी मोजलं होतं ते मी.

पुढच्या आठवड्यात मामांबरोबर वारंगा फाट्यावर मोटर घ्यायला गेलो. "पंधरा चौऱ्याऐंशी. लेझरनं मोजलंय, धाकट्या जावयानं," मामांनी दुकानदाराला सांगितलं.

"कठड्यापासून का पाण्यापासून?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी आधी चहा संपवला. मग म्हणालो, "कठड्यापासून. उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली नऊ मीटरवर जातं. तेही धरा."

"थांबा," मामा म्हणाले, "एकदा धाकट्याला इचारतो." त्यांनी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"मामा, लेझर विहिरीत उतरला नव्हता," पलीकडून आवाज आला. "पाण्याचं दादांनाच विचारा. ते सांगतील तेच पक्कं धरा."

दुकानदारानं माझा नऊ मीटरचा आकडा धरला, मोटर त्याप्रमाणेच आली. पण तोही धाकट्यानं हो म्हटल्यावर. निदान त्यानं मोठेपणा तरी दाखवायला नको होता.